खिडकी उघडी ठेवा

नाही ताई, रिमोट आत्ता नाही द्यायचा — रागावू नका, एसीचं मशीन तयार आहे, पाइप जोडले, व्हॅक्यूम मारून झाला, आता फक्त चावी फिरवून गॅस सोडायचा, दोन मिनिटांचं काम — पण ते दोन मिनिटांचं काम मी वॉचमनकाका परत येईपर्यंत करणार नाही. बाळ रडतंय, ऐकतोय मी. त्याच्या मानेवरचं पुरळ तुम्ही सकाळी दाखवलंत, तेही विसरलो नाही. ओल्या फडक्याने पुसत राहा, फडकं पिळून घ्या, टपटपतं नको. मला मूलबाळ नाही, लग्नच कुठे झालंय, पण हे मला माहीत आहे. कसं माहीत ते सांगतो नंतर. किंवा नाही सांगत. बघू.

काय? कुठे गेले म्हणजे — मीच पाठवलं ना त्यांना. तुम्ही आत बाळाला पाजत होतात तेव्हा. समोरच्या विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, त्या घड्याळवाल्या काकांकडे. ही तुमची मागची खिडकी, ती त्यांची मागची खिडकी, मधे ही डक्ट, खालपासून वरपर्यंत मोकळी सोडलेली — पाच फुटांची, मी मापली, पाच फूट दोन इंच — हात लांब केला तर त्यांच्या खिडकीतली वस्तू घेता येईल असं वाटतं, पण दारातून जायचं म्हटलं तर तीन जिने उतरा, गेटपर्यंत जा, वळा, परत तीन जिने चढा. लाइट गेल्यापासून त्या विंगची लिफ्ट अडकलीय आणि वॉचमनकाकांचा गुडघा तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणून वेळ लागतोय. मी म्हटलं, काका, फक्त दार वाजवा, बघा कसे आहेत, आणि ताईंच्या फोनवर फोन करा. एवढंच. ते म्हणाले, तू मशीन बसवायला आलास की लोकांची चौकशी करायला? बरोबर आहे त्यांचं. मी सहसा कोणाच्या घरात दहा वाक्यं बोलत नाही. मालक मला मुका म्हणतात — म्हणजे नावच पडलंय माझं मुका, फोनवर गिऱ्हाइकाला सांगतात, मुक्याला पाठवतो, काम चोख, बडबड नाही. आज काय झालंय कोणास ठाऊक, तोंड थांबत नाहीये. थांबलं की ते मशीनचे आवाज ऐकू येतात.

झोपले असतील, म्हणताय. असतील. दुपारी झोपतात, कानाने कमी ऐकू येतं, दार वाजवलं तरी उठत नाहीत — सगळं खरं असेल. तुम्ही रोज बघता त्यांना, मी आज पहिल्यांदा बघितलं. पण जरा इकडे या, बाळाला तिथेच ठेवा, इथे झळ आहे, तुम्ही एकट्या या. तो टॉवेल बघा. त्यांच्या खिडकीवरचा, निळ्या काठाचा. मी सकाळी दहाला आलो तेव्हा तो ओला होता. नुसता ओला नाही, टपकत होता, खालच्या मजल्याच्या मशीनवर थेंब पडत होते टक टक टक, मी ग्रिल काढत होतो आणि मला वाटलं कोणाची तरी ड्रेन पाइप गळतेय, म्हणून मान वर करून समोर बघितलं. ते टॉवेल भिजवून टांगत होते. अर्ध्या तासाने आत घेतला, परत भिजवून टांगला. मी भोकं पाडत होतो तेव्हा दोनदा तसं झालं. आणि आता? आता दीड वाजलाय. तो वाळून फळीसारखा झालाय. बघा, एवढं वारं घालतायत नऊ मशीनचे पंखे, आणि तो हलत नाही, कडक उभा आहे नुसता. जो माणूस अर्ध्या अर्ध्या तासाने टॉवेल भिजवतो, तो एकदम भिजवायचं थांबवतो — का?

आणि ती खिडकी. वीतभर उघडी आहे ना, त्या फटीत काहीतरी अडकवलंय, दिसतं का? पत्र्याचा छोटा डबा. घड्याळाचे सुटे भाग ठेवतात तसला. बंद होऊ नये म्हणून लावलाय. तो डबा बघितल्यापासून मी गॅसच्या चावीला हात लावलेला नाही, ताई. का ते विचारू नका.

हा थर्मामीटर. नाही, तापाचा नाही, हवेचा, आमच्या कामाचा — ही वायर लोंबती सोडायची, इथे आकडा येतो. सकाळी दहाला डक्टमध्ये अडतीस होतं. मी लिहून ठेवतो, सवय आहे, शाळेत नववीपर्यंतच गेलो पण आकडे लिहायची आवड आहे. पावणेअकराला लाइट गेली, नऊ मशीनं बंद, साडेअकराला छत्तीस. उतरलं, बघा. बाहेर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतंय आणि इथे उतरलं, कारण डक्टचं असं असतं, मशीनं बंद असली की ती खालून हवा ओढते, चिमणीसारखी — चुलीच्या — बरी हवा येते. साडेबाराला लाइट आली. नऊच्या नऊ एकदम सुरू झाली. आणि आता — वाचा तुम्हीच. सत्तावन्न. सत्तावन्न, ताई. इथे तुम्ही आणि मी उभे आहोत, पण आपल्या मागे घर आहे, दार उघडं आहे, पुढच्या खिडक्या आहेत. त्यांची ती एकच खोली आहे ना? आणि एकच खिडकी, ही. सकाळी तुम्हीच म्हणालात.

तुमचं मशीन दहावं. आणि हे दहावं माझ्या हातचं.

नाही नाही, तुम्हाला दोष नाही देत. तुम्ही काय करणार, तीन महिन्यांचं लेकरू, अंगावर असं पुरळ, काल रात्री डॉक्टरांनी सांगितलं गार खोलीत ठेवा. कुठे ठेवणार, मशीन लावल्याशिवाय? पुढच्या बाजूला लावू देत नाही सोसायटी, इमारत वाईट दिसते म्हणून. मग मागे, डक्टमध्ये. सगळे मागे, डक्टमध्ये. आम्हीही तेच सांगतो — ताई, मागे लावू, दिसणार नाही. आमचं वाक्यच ते. मशीन म्हणजे काय हो, ते काही थंडी तयार करत नाही. लोकांना वाटतं करतं. ते फक्त तुमच्या खोलीतली गरमी उचलतं आणि बाहेर फेकतं, वर स्वतःची थोडी घालून. बाहेर म्हणजे कुठे — हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पाच वर्षं काम केलं आणि विचारलं नव्हतं.

तुमच्या मशीनच्या मागे स्टिकर आहे, बघितलंत? त्यावर लिहिलेलं असतं, बाहेर किती तापमान असेपर्यंत हे मशीन चालेल. मी कामाला लागलो तेव्हाच्या मशीनवर त्रेचाळीस होतं. तेव्हा त्रेचाळीस म्हणजे पुष्कळ, वर्षातून दोन दिवस. मग अठ्ठेचाळीस लिहून यायला लागलं. तुमच्यावर बावन्न आहे. मालक खूश — टिकाऊ माल आला म्हणतात. त्यांचा विनोद आहे एक, पूर्वी आपल्याला देवाने धंद्याचे दोन महिने दिले होते, आता नऊ देतोय, आणखी थोडी सेवा केली तर बारा देईल. सगळे हसतात दुकानात. मीही हसायचो. पण ज्याने बावन्न लिहिलं, त्याने बसून हिशेब केला असेल ना? उगाच कोणी लिहीत नाही. कोणत्या तरी कारखान्यात एक शिकलेला माणूस बसलाय, त्याला माहीत आहे काय येणार आहे, आणि त्याने ते आपल्याला सांगितलं नाही, मशीनच्या मागे लिहिलं, जिथे फक्त आम्ही बघतो. आता माल उतरवला की मी आधी तो आकडा बघतो. भीती वाटते मला. पुढचा आकडा काय असेल?

अजून फोन नाही आला. दुसऱ्या मजल्यावर थांबले असतील गुडघा धरून.

माझी मावशी म्हणते — बाळाला घेऊन आलात? बरं, पण तिथेच बसा, दारापाशी — मावशी म्हणते, तुझ्या पायाला चाकं आणि तोंडाला कुलूप. तिनेच वाढवलंय मला. ती शिंप्यांकडची शर्टं आणते घरी, काजं करते, बटणं लावते. दिवसाला चाळीस शर्ट. खिडकीशी बसून, कारण उजेड तिथेच. गच्चीलगतची खोली आमची, शेवटच्या मजल्याच्या वर, पाण्याच्या टाकीच्या शेजारी, आणि तिला खिडकी एकच. हो. डक्टवर. अशीच. तुमच्या त्या काकांसारखीच, म्हणूनच सकाळी मी जरा बघत राहिलो त्यांच्याकडे. तेही खिडकीशी बसतात, डोळ्याला ते काचेचं भिंग लावून, चिमट्याने काहीतरी उचलतात. मावशीची मानही अशीच वाकलेली असायची.

त्या इमारतीत पहिलं मशीन मीच बसवलं. पहिल्या मजल्यावर, बँकेतल्या साहेबांकडे. मग त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, आपल्याच इमारतीतला मुलगा आहे, चोख काम करतो. मग दुसरं, तिसरं. मावशीला काय अभिमान. जिन्यात कोणी भेटलं की सांगायची, आमच्याच मुलाने लावलंय तुमचं, घरघर आली तर सांगा हो, लाजू नका, तो लाजतो तेवढं पुरे. तीन उन्हाळ्यांत अकरा मशीनं. एकावर एक, एकावर एक, डक्टमध्ये. आणि खालच्या मशीनची गरम हवा वरचं मशीन ओढतं, त्याची त्याच्या वरचं, आणि ती तापत तापत चढते — कुठे जाणार? वर. वर कोण आहे? मी त्या डक्टमध्ये दोरावर लोंबत अकरा स्टँड ठोकले, बावीस ब्रॅकेट, अठ्ठ्याऐंशी बोल्ट, आणि प्रत्येक वेळी डोकं वर केलं की आमच्या खिडकीतून ती वाकून बघायची आणि म्हणायची, जेवायला ये रे. आणि मला सुचलं नाही. शपथ सांगतो, सुचलं नाही. मला वाटायचं मावशीला हल्ली जास्त उकडतं, वय झालं.

वय झालं. बावन्न वर्षांची होती.

होती म्हणालो का? हं. म्हणालो.

ठीक आहे. मग ऐका. वॉचमनकाका येईपर्यंत. गेल्या वर्षीची गोष्ट, असेच दिवस होते, रेडिओवर रोज सांगत होते बाहेर पडू नका — मग काम कोण करणार? सकाळी लाइट गेलेली. कुठेतरी ट्रान्सफॉर्मर जळलेला. मी डबा घेऊन निघालो. मावशीने सात शर्ट मांडीवर घेतलेले. म्हणाली, काय रे, खिडकी उघडी ठेवू की बंद? साधा प्रश्न. मी खिडकीतून हात बाहेर काढून बघितला, डक्टमधून हवा वर येत होती, बरी, गार म्हणता येईल अशी. मशीनं बंद होती ना सगळी. आणि मी म्हटलं, उघडी ठेव. उघडीच ठेव, लाइट नाहीये, हवा येईल, बंद केलीस तर उबून जाशील. मी मशीनवाला. मला कळतं. तिने मान डोलावली. ती माझं ऐकायची, मशीनच्या बाबतीत आणि हवेच्या बाबतीत. आमच्या मुलाला कळतं, म्हणायची.

साडेअकराला मी एका घरात होतो, मशीन बसवून झालेलं, लाइटअभावी चालवून बघता येत नव्हतं, ती घरातली माणसं माझ्याभोवती उभी. आणि लाइट आली. आणि मी — मी टाळी वाजवली, ताई. एकटी एक टाळी. माझ्यासारख्या मुक्याने. सगळे हसले, मुलांनी पण वाजवल्या, गार हवा आली, त्यांच्या आजीने मला सरबत दिलं. मी सरबत प्यायलो. त्याच वेळी आमच्या डक्टमध्ये अकरा मशीनं एकदम सुरू झाली. हे मला माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नसेल माहीत, मला असायला हवं होतं. मी सरबत पीत होतो.

संध्याकाळी घरी गेलो. दार ढकललं. ती तिथेच, खिडकीशी. मांडीवर शर्ट. सहा झालेले, सातव्याला सुई तशीच टोचलेली. मला वाटलं डुलकी लागली. हाक मारली. हात लावला — नाही, जाऊ दे. हात लावला आणि भिंतीसारखी गरम लागली, एवढंच सांगतो. खोलीत श्वास घेता येत नव्हता. मी खिडकी बंद करायला गेलो तर ती बंद होईना. फटीत दोऱ्याचं रिकामं रिळ अडकवलेलं होतं. तिने. पंख्यांच्या वाऱ्याने ती आपोआप मिटायला लागली असणार, आणि हिने उठून रिळ लावलं, मिटू नये म्हणून. मी सांगितलं होतं ना, उघडीच ठेव.

मग लोक जमले, डॉक्टर आले. डॉक्टर भले माणूस, खांद्यावर हात ठेवून विचारलं, खिडकी उघडी होती की बंद? मी म्हटलं, माहीत नाही. मी रिळ आधीच काढलं होतं. कोणी यायच्या आत. खिशात टाकलं. कोणालाच नाही सांगितलं, माझ्या मोठ्या बहिणीला नाही, मालकाला नाही. बहीण अजून म्हणते, मावशीला कितीदा सांगितलं होतं खिडकी उघडत जा, हट्टी होती. आणि मी ऐकून घेतो. हे तुम्हाला का सांगतोय मी. तुम्ही मला ओळखत पण नाही. ते रिळ या पिशवीत आहे, पान्यांच्या खाली — दाखवत नाही, घाबरू नका.

नाही, पाणी नको. बाळाला द्या — नाही, एवढ्या लहानाला पाणी नाही देत ना, दूधच. बघा, मला कळत नाही आणि मी सांगत सुटतो. हेच तर म्हणतोय. मी सांगत सुटतो आणि लोक ऐकतात.

आज सकाळी, ताई. लाइट गेल्यावर. मी इथेच बसलो होतो या खिडकीत, एक पाय बाहेर, पट्टा बांधलेला. तुमचे ते काका समोर आले. आधी एक बोट वर केलं — आणखी एक? असं. म्हणजे आणखी एक मशीन का, असं विचारत होते. रागाने नाही. मी खाली बघितलं. मला असं कोणी विचारलं की मी खाली बघतो. मग त्यांनी खिडकीला हात लावला आणि मला खुणेने विचारलं — उघडू का? असा हात केला, बाहेर ढकलल्यासारखा. कारण मी मशीनवाला, पट्टा, हत्यारं, मला कळत असणार. आणि मी, ताई, मी — डक्टमधून हवा येत होती हो, बरी हवा येत होती. आणि मघाशी त्यांना उत्तर दिलं नव्हतं, ते मनाला लागलेलं. मी हाताने सांगितलं, उघडा. उघडी ठेवा. असा अंगठा पण दाखवला. ते हसले. त्यांनी डबा आणला आणि फटीत लावला.

तेच. तेच्या तेच. वर्षभर दररोज जे वाक्य गिळतोय, ते हाताने बाहेर आलं. आणि साडेबाराला लाइट आली तेव्हा मला आधी बरं वाटलं — व्हॅक्यूम पंप लावता येईल म्हणून. त्यानंतर मी तास घालवला त्या पाइपांत. पाठ होती माझी तिकडे. वळून बघितलं तेव्हा टॉवेल वाळलेला.

फोन. तुमचा फोन वाजतोय. स्पीकरवर टाका.

हां काका, बोला. — किती वेळ वाजवलं? — आणि बेल? — आतून कडी आहे, बरोबर ना, कुलूप नाही? म्हणजे आत आहेत. — नाही, झोपले नाहीयेत काका. मला माहीत आहे म्हणून म्हणतोय. — दार फुटेल का? लोखंडी आहे. मग सोडा ते. काका, ऐका, आता खाली जा. गुडघ्याचं मला कळतंय, उद्या मी तुम्हाला पाठीवर घेऊन फिरतो हवं तर, पण आत्ता खाली जा. मीटरच्या खोलीत डाव्या हाताला मोठा लाल दांडा आहे, दोन्ही विंगचा मेन, सकाळी मीच उघडून बघितलाय. तो खाली ओढा. हो, सगळ्या इमारतीचा. — ओरडतील, ओरडू द्या. म्हणा तो मशीनवाला वेडा झालाय, त्याने करायला लावलं. सगळ्या शिव्या मला. ओढा आणि तिथेच उभे राहा, कोणी परत वर करायला आलं तर करू देऊ नका. जा.

ताई, तुम्ही अॅम्ब्युलन्सला फोन करा. आता, याच फोनवरून. पत्ता सांगा, ऊन लागलंय म्हणा, वय सांगा — सत्तरच्या पुढे? — बेशुद्ध आहेत म्हणा. आहेत की नाही माहीत नाही, तरी म्हणा.

मी शिडी टाकतोय. आठ फुटांची आहे, डक्ट पाच, पुरते. ही बाजू तुमच्या चौकटीला बांधली, ती बाजू त्यांच्या सज्ज्यावर टेकेल. ग्रिल नाहीये त्यांना, नशीब. पट्टा या स्टँडला अडकवतो, आत्ताच बसवलेला, आठ बोल्ट, माझ्या हातचे, याच्यावर मी एक मशीन टांगलंय तर मी पण टांगून घेईन. तेवढा जाड नाहीये मी. पण लाइट जाईपर्यंत थांबावं लागेल, शिडी अॅल्युमिनियमची आहे आणि डक्टमध्ये बघा कशा उघड्या वायरी लोंबतायत, आमच्यासारख्यांनीच सोडलेल्या. थांबावं लागेल. मला थांबता येत नाहीये. कुठवर पोचले असतील? दुसरा मजला? — लागला का फोन? किती वेळ म्हणतायत? — वीस मिनिटं. आज सगळीकडे हेच चाललंय म्हणाले? म्हणणारच.

तुम्ही रडू नका. तुम्हाला थोडंच माहीत होतं. ते बाळाला घड्याळ दाखवायचे ना या खिडकीतून, साखळीला धरून हलवून, सकाळी सांगितलंत तुम्ही. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. मावशीने पण केलं असतं असं काहीतरी.

गेली. गेली लाइट. ऐका — एकेक पंखा थांबतोय, खालचा, तो मधला, तो जुना खडखडणारा. ऐकलंत? किती शांत झालं. वरून कोणीतरी ओरडतंय, ओरडू दे. आणि ते दुसरं ऐकू येतं का, ते बारीक — घड्याळं आहेत ती. त्यांच्या खोलीतली. केवढी घड्याळं आहेत.

निघालो. शिडी धरायची गरज नाही, बांधलीय घट्ट. मागे व्हा तुम्ही. तापलीय, हाताला चटका बसतोय, असू दे. — हं. — आलो मधे. — खिडकी ढकलतो. डबा पडला, पडू दे. — दिसतायत. खाली बसलेत, भिंतीला टेकून, मान एका बाजूला. तोंड उघडं आहे. हाताशी बादली, पाणी संपलंय. काका. काका, मी समोरचा, मशीनवाला. — छाती — थांबा — हलतेय असं वाटतंय. वाटतंय म्हणतोय, नक्की नाही. काका. नाही ऐकत. माझा आवाज त्यांना पोचत नाही.

ताई. सकाळी तुम्ही काय म्हणालात, त्यांना दाराची बेल ऐकू येत नाही, पण बाळ रडलं की कळतं, कुठे असतील तिथून उठून येतात. म्हणालात ना? मग बाळाला आणा. इथे खिडकीशी, आता झळ नाही, आणा. उचला त्याला. आणि त्याला गप्प करू नका, थोपटू नका, रडू द्या. मोठ्याने रडू द्या. मी आता बोलत नाही.